धुरजड आणि उलाळ

यंदाच्या दसऱ्याला माझा भाचा आपली पिकअप घेऊन आमच्या दारी आला. नाकावर झेंडूची माळ, काचेवर कुंकवाचे स्वस्तिक, चारी चाकांखाली एकेक लिंबू. राहुरीच्या बाजूचा कांदा भरून घोडेगावच्या बाजाराला न्यायचा, हा त्या गाडीचा धंदा. पण त्या दिवशी तिची ठेवण मला निराळी वाटली. एरवी रिकामी पिकअप शेपूट वर करून आणि नाक जमिनीकडे झुकवून उभी असते. हिने नाक वर काढले होते. पुढची बाजू मागच्या बाजूच्या अगदी रेषेत आली होती.

"मामा, लेव्हल केली," भाचा म्हणाला. "पुढं चकत्या घालून दोन इंच उचलली. आता मोठे टायर टाकले म्हणजे झालं. दिवाळीपर्यंत दुकानात सूट आहे. कितीचे बसतील ते तेवढं मोजून सांगा."

मामा मास्तर असला की घरचे सगळे हिशोब त्याच्या गळ्यात पडतात. मी खडू शोधायला उठलो, पण उंबऱ्याशीच थबकलो. आमच्या आबांचे, म्हणजे आजोबांचे, दोन शब्द एकदम कानांत वाजले. ते शब्द भाच्याने उभ्या जन्मात ऐकले नसतील, म्हणून त्याला म्हटले, "टायर नंतर. आधी बस. तुला एक जुनी गोष्ट सांगतो." त्या दिवशी त्याला जे सांगितले, तेच थोडे नीट जुळवून इथे लिहितो आहे.

ते दोन शब्द म्हणजे 'धुरजड' आणि 'उलाळ'. बैलगाडीच्या दोन चाकांमध्ये एक आस असतो आणि त्या आसावर सगळी गाडी तराजूच्या दांडीसारखी तोललेली असते. भार आसाच्या पुढे गेला तर जू बैलांच्या मानेवर दाबते. अशी गाडी धुरजड. भार आसाच्या मागे गेला तर गाडीचे तोंड वर उचलते, जू मानेवरून सुटू पाहते आणि गळ्याखालचा पट्टा बैलाचा गळा आवळतो. अशी गाडी उलाळ. चांगला गाडीवान गाडी भरून झाली की जुवाखाली हात घालून ते जरासे उचलून पाही. थोडीशी धुरजड, पण हाताला पेलेल इतकीच, असा भार साधला की मग तो बैल जुंपी. गाडी 'लेव्हल' करणे म्हणतात ते आमच्या आबांना हे असे ठाऊक होते. ते डोळ्यांनी पाहायचे नव्हे, हातांनी तोलायचे काम होते.

आता चाकाकडे वळू. दख्खनचे जुने लाकडी चाक चांगले चार-साडेचार फूट उंच असे. लहानपणी आमच्या गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेले तसले एक चाक मी पाहिले आहे. ते माझ्या डोक्यावरून जात असे. मधला तुंबा, त्यात बसवलेले आरे, आऱ्यांवर लाकडी पाटे आणि त्या सगळ्यांना कवळणारी लोखंडी धाव. धाव चढवणे हा गावातला एक सोहळाच होता. चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान केलेले लोखंडी कडे गोवऱ्यांच्या आरात लाल करीत. तापून ते वाढले की चिमट्यांनी उचलून चाकावर बसवीत आणि वर घागरीच्या घागरी पाणी ओतीत. वाफेचा लोट उठे, लाकूड कडकडे, आणि आक्रसणारे लोखंड सगळे सांधे आवळून धरी. त्यात एकही खिळा सांधा धरण्यासाठी लागत नसे.

हे चाक इतके मोठे कशासाठी? हौसेसाठी नव्हे. वाटेत खड्डा किंवा धोंडा आला की लहान चाक त्यात अडकते, मोठे चाक त्यावरून निघून जाते. शिवाय आस उंच असला की तो बैलाच्या खांद्याच्या जवळपास येतो आणि गाडीची दांडी फार चढ-उतार न होता सरळ राहते. म्हणजे चाकाचा आकार वाट आणि बैलाची मान या दोघांनी मिळून ठरवलेला होता. सुताराने फक्त तो मान्य केला होता.

या चाकात एक खोट होती. धाव अरुंद आणि कठीण. आमच्या काळ्या रानात पावसाळ्यात ती सुरीसारखी रुते, आणि सरकारी खडीच्या रस्त्यावर ती खडीचे पीठ करी. गाड्यामागून गाड्या एकाच रेषेने जात, म्हणून रस्त्याला दोन खोल चऱ्या पडत. 'चाकोरी' हा शब्द आपण आता माणसांच्या स्वभावाला लावतो, पण तो जन्मला या चऱ्यांत. पुढे मोटारी आल्या आणि रस्त्यांचा प्रश्न साऱ्या देशालाच भेडसावू लागला. १९२७ साली सरकारने रस्त्यांच्या चौकशीसाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. तिच्या १९२८ च्या अहवालातून पेट्रोलवरील जादा कराची आणि केंद्रीय रस्ते निधीची वाट निघाली. १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली आणि १९४३ साली नागपुरात मुख्य अभियंत्यांनी जमून साऱ्या देशाच्या रस्त्यांचा आराखडा आखला. रस्ते बांधणाऱ्या या मंडळींपुढे बैलगाडीची लोखंडी धाव सतत उभी होती. रस्ता गाडीसाठी बांधावा, तर गाडीच तो खाऊन टाकते!

त्यावरचा उपाय परदेशात केव्हाच सापडला होता. रबरी नळीत हवा भरून ती चाकावर चढवण्याची युक्ती रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ मध्ये काढली आणि तिचे पेटंटही घेतले. परंतु जगाला तिची गरज वाटली नाही आणि ती विसरली गेली. पुढे १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच युक्ती नव्याने शोधली. थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आल्यावर डनलॉप यांचा कागदोपत्री हक्क गेला, नाव मात्र राहिले. मौज अशी की हे डनलॉप धंद्याने पशुवैद्य होते. आयुष्यभर जनावरांची दुखणी पाहणाऱ्या माणसाचे नाव पुढे आपल्याकडे बैलगाडीला लागले! त्या कंपनीचा कारखाना १९३६ साली बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंज येथे निघाला. तो पुढे बंद पडला, पण कित्येक भागांत टायरच्या बैलगाडीला लोक 'डनलॉप' म्हणत ते म्हणतच राहिले.

आमच्या जिल्ह्यात ही टायरगाडी रुळली ती उसामुळे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले आणि जिथे बाजरी पिकत होती तिथे ऊस उभा राहिला. हरेगाव, टिळकनगर या बाजूंना खाजगी कारखाने निघाले. मग विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांचे भाग गोळा केले, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांनी त्यांना साथ दिली, आणि १९५०-५१ च्या हंगामात लोणीजवळ प्रवरानगरला शेतकऱ्यांच्या सहकारी कारखान्याचे धुराडे पेटले. आरंभी त्याची शक्ती रोज पाचशे टन ऊस गाळण्याची होती. लाकडी गाडीत टनभर ऊस धरला तर रोज पाचशे गाड्या! आणि ऊस काही गव्हासारखा पोत्यात थांबत नाही. तोडल्यापासून त्यातली साखर उतरू लागते. तो लौकर आणि पुष्कळ आला पाहिजे. कारखान्यांच्या अंगणात मग लोखंडी सांगाड्याच्या, रबरी चाकांच्या गाड्या दिसू लागल्या. पाथर्डी-शेवगावकडून आणि बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला येणारी कुटुंबे आपले बैल आणीत आणि कारखान्याची टायरगाडी जुंपीत.

ती पाहून आमच्या आबांनाही टायरगाडीचा मोह पडला. नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती. त्यांनी नगरच्या जुन्या बाजारातून एक मोटारीचा आस आणि जीपच्या मापाची दोन चाके आणली आणि गावातल्याच एका कारागिराकडून ती आपल्या लाकडी गाडीखाली बसवून घेतली. चाके चकचकीत काळी, वाटोळी, देखणी. आबा सांगत, "पहिल्या दिवशी बैल मोकळेच चालल्यागत चालले. मला वाटलं, आता सर्जाचं नशीब उघडलं." सर्जा हा आबांचा लाडका बैल.

तिसऱ्या खेपेला नदीकाठच्या मळ्यातून ऊस भरून ते वर येत होते. काठाचा चढ लागला आणि गाडीने एकाएकी तोंड वर काढले. जू उचलले गेले, त्याबरोबर सर्जाचे पुढचे पाय जमिनीवरून सुटू लागले. गळ्याखालचा पट्टा आवळला, डोळे पांढरे झाले. आबांनी कमरेचा कोयता काढून पट्टा तोडला. सर्जा गुडघ्यांवर कोसळला, आणि गाडी मागे आपटून ऊस नदीपर्यंत पसरला. आबा तिथेच मातीत बसले आणि सर्जाचा गळा चोळत राहिले. ही गोष्ट त्यांनी मला किती वेळा सांगितली असेल, पण इथवर आले की दर वेळी त्यांचा हात आपोआप हवेत चोळल्यासारखा हलायचा.

पुढे मी मास्तर झाल्यावर एकदा फळ्यावर हा हिशोब मांडून पाहिला. साडेचार फुटी चाकाचा आस जमिनीपासून २७ इंचांवर असतो. जीपच्या २८ इंची चाकाचा आस १४ इंचांवर येतो. म्हणजे गाडी आसापाशी १३ इंच, दीड वीत, खाली बसली. बैलाची मान मात्र होती तिथेच. आसापासून जुवापर्यंत नऊ फूट धरले तर दांडी तेवढ्या अंतरात १३ इंच चढती झाली आणि साटी मागे कलली. उसाचा भार आसाच्या वर सुमारे तीन फुटांवर एकवटला असे मानले, तर तो या कलण्याने चार इंचांहून अधिक मागे सरकतो. टनभर उसाला हे चार इंच पुरतात. जू सपाट रस्त्यावरच चाळीस किलोच्या जोराने वर उचलले जाते. मग चढावर काय होईल, ते सर्जाने भोगले.

आबांनी आधी सोपी तोड काढली. ऊस पुढे सरकवून भरायचा. गाडी उलाळ राहिली नाही, पण उतारावर धुरजड झाली आणि महिन्याभरात दोन्ही बैलांचे खांदे आले. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. तूप-हळद लावून बैलांचे खांदे मळायचे. त्या वर्षी आबांनी हात लावताच सर्जा अंग काढून घेऊ लागला. आजीने ते पाहिले आणि एवढेच म्हटले, "चाकं बदलली तुम्ही, अन् सोसायचं त्यानं."

शेवटी शेजारच्या गावच्या म्हाताऱ्या सुताराला बोलावले. त्याने चाकांकडे पाहिलेच नाही. सुतळी मागितली. सर्जाला सपाट जागी उभा केला, त्याच्या खांद्यापासून जमिनीपर्यंत सुतळी धरून गाठ मारली, मग गाडी भरायला सांगितली आणि भरल्या गाडीचे माप घेतले. "रिकाम्या गाडीचं माप खोटं," तो म्हणाला. त्याच्या सांगण्यावरून आबांनी जीपची चाके विकून बैलगाडीसाठी निघणारे १९ इंची रिंगचे मोठे टायर आणले. त्यांची उंची सुमारे ३५ इंच, म्हणजे आस साडेसतरा इंचांवर आला. उरलेली वीतभर उंची त्याने आस आणि साटी यांच्यामध्ये बाभळीचे ठोकळे घालून भरून काढली. दांडी पुन्हा सरळ झाली. ती गाडी पुढे वीस वर्षे चालली आणि सर्जा म्हातारा होऊन, सुखाने, गोठ्यातच गेला.

इथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. रबरी चाकाने ओढ हलकी झाली हे खरे, पण तो हलकेपणा बैलाच्या वाट्याला सहसा आला नाही. ओढ कमी झाली तेवढा माल वाढला. जनावरांना निर्दयपणे वागवण्यास प्रतिबंध करणारे जे नियम १९६५ साली झाले, त्यांतही मध्यम बैलाच्या दोनचाकी गाडीला टायर नसेल तर ७०० किलो आणि टायर असेल तर १०५० किलो अशी मर्यादा आहे. कायद्याने दीडपट दिली, माणसाच्या हावेने कुठे दुप्पट तर कुठे तिप्पट घेतली. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या सुधारणेचा ध्यास घेतला होता. ते सांगत ते हेच, की नुसते चाक सुधारून भागत नाही, जू आणि मान यांचाही विचार हवा. आजही गळिताच्या हंगामात ट्रक-ट्रॅक्टरांच्या गर्दीत एखादी टायरगाडी दिसते. मी पाहतो ती चाके नव्हे, बैलांचे खांदे.

गोष्ट संपली तेव्हा भाचा हसत नव्हता. "पण मामा," तो म्हणाला, "पिकअपला कुठं मान आहे?"

मी म्हटले, "आहे. मागचे पाटे ही तिची मान, आणि पुढच्या चाकांची पकड हा तिचा श्वास." मग आम्ही दोघे खडू घेऊन ओट्यावर बसलो.

कारखाना पिकअपचे शेपूट मुद्दाम उंच ठेवतो. ती रिकामी धावण्यासाठी बनवलेली नसते. मागे पन्नास किलोची तीस पोती, म्हणजे दीड टन कांदा, पडला की पाटे दबतात, शेपूट खाली येते आणि गाडी सरळ होते. भाच्याने रिकामी गाडी सरळ केली. आता भरली की ती उलाळ होणार. नाक वर, पुढच्या चाकांवरचा भार कमी, स्टिअरिंग हलके आणि ब्रेकला पुढे पकड थोडी. रात्री तिचे दिवे रस्त्यावर पडायचे ते समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाणार.

मग टायरचे माप. त्याच्या टायरवर २१५/७५ आर १५ असे कोरलेले आहे. २१५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ७५ म्हणजे टायरची उंची रुंदीच्या शेकडा ७५, म्हणजे सुमारे १६१ मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल, टायरच्या आतले धागे विणण्याची एक तऱ्हा. १५ ही इंचांत रिंगची उंची, म्हणजे ३८१ मिलिमीटर. रिंगच्या वर आणि खाली टायर धरला की सगळे चाक ७०३ मिलिमीटरच्या थोडे वर भरते. भाच्याला हवा होता २३५/७५ आर १५. तो याच हिशोबाने ७३३ च्या थोडा वर जातो. तीस मिलिमीटर वाढले, पण गाडी उचलली जाणार त्याच्या निम्मी, पंधरा मिलिमीटर. अंगठ्याच्या रुंदीएवढीही नाही!

आणि या अंगठ्याची किंमत काय? चाकाचा घेर शेकडा सव्वाचारने वाढला. काटा साठ दाखवील तेव्हा गाडी साडेबासष्टने धावत असेल. आबांच्या गाडीला मोठे चाक सोयीचे होते, कारण बैल चाकाला बाहेरून ओढतो. एंजिन चाकाला आतून फिरवते, म्हणून तिथे उलटे होते. चाक जितके मोठे तितकी ओढ कमी. करंजीच्या घाटात दीड टन कांदा भरलेला असताना हे चार टक्के खालच्या गिअरमध्ये मोजावे लागतात. रुंद टायर पूर्ण वळणावर मडगार्डला घासतो की नाही, रिंग त्या रुंदीला पुरते की नाही, आणि टायरवर कोरलेली भार पेलण्याची मर्यादा जुन्याहून कमी तर नाही, हे निराळेच. गाडीच्या पाटीवर कंपनीने दिलेल्या मापांबाहेर सहसा जाऊ नये. गेलेच तर उंचीचा फरक शेकडा तीनच्या आत असावा, असा जाणत्यांचा सल्ला असतो. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८, याचे ५२ वे कलम आहेच. कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपापासून नोंदीतला तपशील बदलेल असे फेरफार ते करू देत नाही. एखादे वेळी अपघात झाला तर विम्याच्या दारात आधी हेच प्रश्न उभे राहतात.

भाचा बराच वेळ ओट्यावरच्या आकड्यांकडे पाहत बसला. मग म्हणाला, "म्हणजे मोठा टायर नकोच?"

"मला विचारू नकोस," मी म्हटले. "भरल्या गाडीला विचार."

दोन दिवसांनी तो पुन्हा आला. गाडीत कांद्याची तीस पोती होती. आम्ही ती सपाट जागी उभी केली आणि मी घरातून सुतळी आणली. चाकाच्या वरच्या कमानीपासून जमिनीपर्यंत, पुढे एक माप आणि मागे एक माप. गाठी मारून दोन्ही सुतळ्या शेजारी धरल्या. मागची चांगली चार बोटे तोकडी निघाली. गाडी सरळ दिसत होती ती रिकामी असतानाच.

चकत्या त्याने त्याच आठवड्यात काढून टाकल्या. नवे टायर घेतले ते जुन्याच मापाचे आणि पाटीवर लिहिलेला भार पेलणारे. सुटीचे उरलेले पैसे मागच्या एका चिरलेल्या पाट्याच्या दुरुस्तीला गेले. तो पाटा चिरला आहे हे गाडीखाली शिरून माप घेताना प्रथमच दिसले होते. बैलाचा खांदा आला तर तो अंग काढून घेतो. पाट्याला ते जमत नाही, तो घाटात तुटतो तेव्हाच कळते.

येत्या पाडव्याला ती पिकअप पुन्हा आमच्या दारी उभी राहील. माळ घातलेली, शेपूट वर आणि नाक खाली. रिकामी असताना ती थोडी धुरजड दिसेल. आबा असते तर जुवाखाली हात घालावा तसा त्यांनी तिच्या नाकाखाली हात घातला असता, आणि मान हलवून म्हटले असते, "आता बरोबर आहे."